डबी काढा, मग बोलू

सीटखाली, बॅटरीच्या शेजारी, तळहातात मावेल अशी एक काळी डबी असते. तिच्यातून निघालेल्या वायरी टाकीच्या खालून इंजिनाकडे जातात. नाशिकमध्ये कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला फ्री-फ्लो सायलेन्सर लावून उभ्या असलेल्या चारशे-साडेसहाशे सीसीच्या बाइकची सीट उचलली, तर ही डबी सापडण्याची शक्यता चांगली असते. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं फ्युएलएक्स किंवा पॉवरट्रॉनिक, अमेरिकेतल्या डायनोजेटचं पॉवर कमांडर, अशी तिची नावं. तांत्रिक भाषेत हा पिगीबॅक ट्यूनर. गॅरेजात मात्र सगळ्यांना एकच नाव, ‘डबी’. आणि तक्रारीही ठरलेल्या: डबी बसवली आणि गाडी मिसिंग करायला लागली, ॲव्हरेज पडलं, चेक लाइट जातच नाही, पहिले चार दिवस मस्त पळाली आणि मग होती तशी झाली.

यातल्या बहुतेक तक्रारींत डबी निर्दोष असते, असं म्हटलं तर तिचे पैसे मोजलेल्या मालकाला बरं वाटेल आणि मेकॅनिकला वाटणार नाही. पण ते खरं आहे. दोष सापडतो तो कपलरमध्ये, अर्थिंगमध्ये, सायलेन्सरच्या सांध्यात, किंवा गाडीत आधीपासून दबून असलेल्या एखाद्या दुखण्यात. तो शोधायचा तर डबी नेमकं काय करते हे आधी कळायला हवं.

डबीचा संबंध येतो तो पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरशी. ही वस्तू नाशिकला परकी नाही. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नॉझल आणि इंजेक्टर बनतात. कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, तरी जुने नाशिककर तिला मायकोच म्हणतात आणि मायको सर्कल शहराच्या पत्त्यांमध्ये अजून टिकून आहे. दुचाकीत मात्र इंजेक्टर बराच उशिरा आला. हिरो होंडाने २००६ साली ग्लॅमर एफआय आणली, पुढच्या वर्षी बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय आली, २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डची क्लासिक ५०० आली. तरी कार्ब्युरेटर मजेत नांदत होता. त्याला खरा निरोप मिळाला १ एप्रिल २०२० रोजी, बीएस-६ लागू झालं तेव्हा. त्याआधी गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते की लीन (पेट्रोल कमी), हे मिस्त्री कानाने ओळखायचा आणि स्क्रू अर्धा फेरा फिरवून हिशेब मिटवायचा. आता तो स्क्रू उरलेला नाही. त्याच्या जागी ईसीयू नावाचा छोटा संगणक बसला आहे, आणि तो कोणाचं ऐकत नाही. डबीचा धंदा उभा आहे तो त्याच्या या हट्टावर.

हा हट्ट विनाकारण नाही. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सरच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू निष्प्रभ करतो, पण मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. म्हणून एक्झॉस्टच्या बेंड पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. मोटारीत हा सेन्सर प्रथम १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांमध्ये दिसला, तोही बॉशनेच बनवलेला. तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापला की तो बोलू लागतो. धुरात ऑक्सिजन उरला, म्हणजे मिश्रण लीन, की ०.१ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन संपला, म्हणजे रिच, की ०.९ च्या आसपास. ०.४५ व्होल्ट ही सीमारेषा. ईसीयू त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे सतत झुलत राहतो: थोडं वाढव, थोडं कमी कर. एका लयीत, मध्यम वेगात गाडी चालते तेव्हा हे चालू असतं आणि त्याला क्लोज्ड लूप म्हणतात. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सरचं मत बाजूला ठेवतो आणि आपल्या आतल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. ते ओपन लूप.

आता इंजेक्टरकडे पाहू. त्याला दोन वायरी असतात. एकीवर चावी फिरवल्यापासून १२ व्होल्ट असतात, दुसरी ईसीयू अर्थला जोडतो आणि सोडतो. जोडलेली असेल तेवढा वेळ पेट्रोल फवारलं जातं. ६,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला शंभर फेरे मारतं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक फवारा, म्हणजे सेकंदाला पन्नास फवारे आणि एका फवाऱ्याच्या वाट्याला वीस मिलिसेकंद. स्लो रेसला उघडण्याचा वेळ दोन-तीन मिलिसेकंद एवढाच असतो. दहा टक्के पेट्रोल वाढवायचं म्हणजे हा वेळ सेकंदाच्या दोन-तीन दशसहस्रांशांनी लांबवायचा. कपलरमधली एखादी ढिली पिन सगळा खेळ का बिघडवते, ते या आकड्यांवरून कळेल.

डबी ईसीयूच्या आत शिरत नाही, ती मध्ये उभी राहते. ईसीयूकडून इंजेक्टरकडे जाणारा आदेश ती अडवते आणि आपल्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे मॅपप्रमाणे, लांबवून पुढे पाठवते. सेन्सरकडून येणारी बातमीही बऱ्याच डब्या अडवतात आणि थोडी बदलून ईसीयूला सांगतात. बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याला एक भाव सांगतो, व्यापाऱ्याला दुसरा, आणि दोघांनाही वाटतं की सौदा थेट झाला. तसंच हे. आता ‘पहिले चार दिवस मस्त’ या तक्रारीचा उलगडा होतो. डबी फक्त इंजेक्टरचा वेळ वाढवत असेल आणि सेन्सर मोकळा असेल, तर ईसीयूला लगेच दिसतं की मिश्रण रिच झालंय. तो कमी करत जातो, आणि ती कमतरता लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाच्या वहीत लिहून ठेवतो. डबी दहा टक्के वाढवते, ईसीयू दहा टक्के कापतो, मालक म्हणतो डबी मेली. डबी मेलेली नसते, तिचं म्हणणं खोडलं गेलेलं असतं. अशा वेळी सेन्सरची वायर खरोखर डबीतून गेली आहे का, हे पाहायचं. घाईत बसवलेल्या गाडीत सेन्सरचं मूळ कपलर तसंच जोडलेलं राहतं आणि डबीचं कपलर टाकीखाली लोंबकळत असतं. हे वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा घडतं.

तपासाची पहिली पायरी शीर्षकात आहेच. बहुतेक डब्या प्लग-अँड-प्ले असतात, म्हणजे मूळ वायर कापावी लागत नाही. डबीची सगळी कपलर सोडवायची आणि गाडीची मूळ कपलर एकमेकांना जोडायची. सगळी म्हणजे सगळीच. इंजेक्टर थेट आणि सेन्सर डबीतून, असा अर्धवट प्रकार निदान आणखी बिघडवतो. मग गाडी चालवून पाहायची. तक्रार तशीच राहिली तर डबीवरचा आरोप मागे घ्यायचा. तक्रार गेली तर शंका डबीवर किंवा तिच्या वायरिंगवर येते, आणि दोन्हींत वायरिंगचा नंबर आधी लागतो. मात्र इथे एक पथ्य आहे. वहीतल्या जुन्या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत, त्यामुळे डबी काढल्यावरही पहिले काही किलोमीटर गाडी विचित्र वागू शकते. स्कॅनर लावून ॲडाप्टेशन रीसेट केलं तर उत्तम. नाहीतर कमी-जास्त वेगात तिला थोडी फिरवून मगच निकाल द्यावा.

चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक झूं असा आवाज येतो. तो पंप दाब तयार करतोय. आवाज येतो, स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही, आणि डबी बायपास केल्यावर लगेच पकडतं, तर इंजेक्टरचा आदेश डबीत अडकलाय. डबीचा दिवा लागतो का, फ्यूज शाबूत आहे का, ते बघा. साडेसहाशेच्या ट्विन सिलिंडर गाडीत दोन इंजेक्टरच्या कपलरची अदलाबदल हा खास घोळ आहे. इंजिन तरीही चालतं, कारण प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल पोचतंच, फक्त चुकीच्या क्षणी. त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही आणि ‘थोडी खडबडीत चालते’ एवढ्यावर गाडी महिनोन्‌महिने फिरत राहते.

अर्थिंगवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. डबीची काळी वायर चेसिसच्या जवळच्या नटाखाली दाबून मोकळं व्हायचा मोह अनेकांना होतो. चेसिसला रंग असतो, नटाला गंज चढतो, आणि हेडलाइट, फॉग लॅम्प, हॉर्न यांचा प्रवाहही त्याच वाटेने परतत असतो. हॉर्न वाजवला की गाडी झटका देते, अशी गमतीदार तक्रार येते ती यातून. मल्टिमीटरची एक सुई डबीच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची, इंजिन चालू ठेवायचं, दिवे लावायचे. आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. उपाय एकच, वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. त्याच मल्टिमीटरने बॅटरीही बघून घ्यावी. बंद गाडीत १२.६ च्या आसपास, चालू इंजिनावर साडेतेरा ते साडेचौदा. चालू इंजिनावर आकडा पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. तो आज ना उद्या डबीच काय, ईसीयूलाही घेऊन जाईल.

पावसाळ्यात तक्रारींचा चेहरा बदलतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि नाशिकच्या बाइकवाल्यांना नेमकं त्याच दिवसांत कसारा घाट, भंडारदरा, त्र्यंबक आठवतं. गाडी परत येते तेव्हा चिखलाने भरलेली असते. मग वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट सीटखाली मारला जातो. दुसऱ्या दिवशी मिसिंग. पाऊस बिचारा वरून पडतो, प्रेशरचं पाणी कपलरच्या रबरातून आत घुसतं. इंजिन स्लो रेसवर ठेवून एकेक कपलर आणि वायरीचा जुडगा हलवत जायचा. जिथे हात लागल्यावर इंजिन अडखळतं तिथे दोष. कपलर उघडून पिन हिरवी पडली आहे का, मागे सरकली आहे का, पाहायचं. काँटॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळवायचं आणि रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस हलकं लावायचं. पेट्रोलने कपलर धुणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीपासून लांब उभं राहावं.

आता सायलेन्सरच्या सांध्याकडे येऊ. डबीवर येणाऱ्या आळांमधला सर्वांत अन्यायकारक आळ इथला. फ्री-फ्लो किंवा फुल सिस्टम बसवताना सिलिंडर हेडजवळचं जुनं पॅकिंग पुन्हा वापरलं, किंवा सेन्सर ज्या बुशात बसतो ते नीट वेल्ड झालं नाही, तर तिथून बारीक गळती राहते. वाटतं की धूर बाहेर येत असेल. येतोच, पण दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो ओरडतो, लीन! ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत सुटतो. प्लग काळा पडतो, ॲव्हरेज कोसळतं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, आणि दोष डबीला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके वाजतात तेही बहुतेकदा याच हवेमुळे: न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात ऑक्सिजन भेटताच पेटतं. मॅप वाढवून हे फटाके बंद करायला जाणं म्हणजे आगीला इंधन पुरवणं. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं आणि सायलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर अर्धवट दाबायचं. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. हे काम उघड्यावर आणि पाइप तापायच्या आत उरकायचं.

चेक लाइट लागला असेल तर अंदाज बांधण्याऐवजी स्कॅनर लावावा. पी ०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी ०२०१ म्हणजे पहिल्या इंजेक्टरचं सर्किट, पी ०१२२ म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज कमी, पी ०१७२ म्हणजे मिश्रण जास्त रिच. पहिले तीन वायरिंगकडे बोट दाखवतात, चौथा मॅपकडे. चार वायरींच्या सेन्सरमध्ये साधारणपणे दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थची असते. गाडी सुरू झाल्यावर काही वेळाने दिवा लागत असेल तर हीटरची जोडी आधी तपासा. थ्रॉटलची बातमी घेणाऱ्या डब्यांना थ्रॉटल पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा कोणत्या व्होल्टेजला असतो, हे एकदा शिकवावं लागतं. ते कॅलिब्रेशन राहून गेलं तर डबी तक्त्यातला भलताच रकाना वाचते आणि गाडी ट्रॅफिकमध्ये, जेमतेम पिळलेल्या ॲक्सिलरेटरला, उचक्या दिल्यासारखी चालते.

मॅपबद्दलचा एक गैरसमज अगदी चिवट आहे. डबीवर एक ते दहा आकडे असले की दहावा सर्वांत ताकदवान असणार, असं समजून थेट तिथे जाणारे अनेक. आकडा वाढतो तसं बहुधा पेट्रोल वाढतं, ताकद नाही. सर्वाधिक ताकद मिश्रण किंचित रिच असताना मिळते. त्यापुढचं पेट्रोल नुसतं काजळी करतं, ऑइल पातळ करतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं. स्टॉक एअर फिल्टर आणि स्टॉक सायलेन्सर असलेल्या गाडीला डबीतून मिळण्यासारखं असतं ते कमी आरपीएमला जरा मऊ चाल आणि थोडं थंड इंजिन. टॉप स्पीडची आशा ठेवू नये.

याला हल्ली आणखी एक पदर जोडला गेलाय, इथेनॉलचा. निफाड-दिंडोरीकडच्या उसाशी नाशिककरांचं जुनं नातं आहे, आता तोच ऊस टाकीतही उतरला आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जाळायला हवा कमी लागते: नऊ पट. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट पुरते. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू हे सांभाळून घेतो. ओपन लूपमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर, जुन्या पेट्रोलवर आखलेला मॅप थोडा लीन पडतो. म्हणून पूर्वी उत्तम चाललेला मॅप आता वरच्या आरपीएमला कोरडा वाटू शकतो, आणि तिथे एखादी पायरी वाढवणं रास्त आहे. इथेनॉल पाणीही शोषतं. टाकीच्या झाकणाजवळचं निचऱ्याचं भोक मातीने बुजलं की पावसाचं पाणी टाकीत जातं. मग जो गोंधळ होतो त्याचा मॅपशी काही संबंध नसतो.

घाटाचं म्हणाल तर कसारा ते इगतपुरी ही चढण सुमारे तीनशे मीटरची. हवेचा दाब त्यात फार तर साडेतीन टक्के उतरतो, आणि गाडीचा दाबमापक सेन्सर तो सहज टिपतो. ‘उंचीवर मॅप बदलावा लागतो’ हे इथे लागू नाही. घाटात गाडी दम टाकते ती ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापून, आणि उष्णतेने एखादा कमकुवत सोल्डर सुटतो म्हणून. डबी रेग्युलेटरला किंवा सिलिंडरला चिकटून बसवली असेल तर तिची जागा बदला. लडाखमध्ये खार्दुंग ला च्या माथ्यावर हवाच निम्म्याच्या जवळपास उरते. तिथे ताकद कमी होणारच, पेट्रोल कितीही मोजून दिलं तरी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. कर्कश सायलेन्सरवर पोलिसांची कारवाई होतेच. डबीमुळे वॉरंटीवर पाणी पडू शकतं आणि पीयूसीला रिच गाडी अडकते. हे ठाऊक असूनच ती बसवावी.

आणि एक निदान शेवटी, कारण ते डबी काढल्याशिवाय होतच नाही. डबी बायपास करून, वही रीसेट करून गाडी थोडी चालवली, आणि स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम अधिक पंधरा-वीस टक्के दिसू लागली, तर ईसीयू कुठल्या तरी कमतरतेची भरपाई करतोय. फ्युएल फिल्टर तुंबलेला असेल, पंप थकला असेल, किंवा इंजेक्टरच्या पुढे इनटेकच्या रबरातून हवा शिरत असेल. इतके दिवस डबी जास्तीचं पेट्रोल देऊन ते झाकत होती. लाइनला प्रेशर गेज लावा. बहुतेक बाइक्सना ३ बारच्या आसपास दाब लागतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गेज त्याच्या खाली असेल तर पंप आणि फिल्टर आधी बदला. डबी तोवर पाकिटात ठेवा, आणि पुन्हा जोडाल तेव्हा सर्वांत खालच्या मॅपपासून सुरुवात करा.